लोट्याचा शिफ्ट इनचार्ज आणि एल-१बी व्हिसा

मी डिप्लोमावाला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे अमेरिकेच्या वर्क व्हिसाची गोष्ट निघाली की ती इंजिनिअरिंगची डिग्री, पुण्यातली आयटी कंपनी आणि एच-१बीची लॉटरी याच्या पलीकडे जातच नाही. मी चिपळूणचा, लोटे-परशुराम एमआयडीसीत एका मल्टिनॅशनल केमिकल कंपनीत प्रॉडक्शनला, शिफ्ट इनचार्ज म्हणून बरीच वर्षं काढलेली. जनरल शिफ्ट असली तर संध्याकाळी घरी, नाईट असली तर सकाळी कंपनीच्या बसमधून डुलक्या काढत घरी, असं सगळं चाललेलं. आणि आता टेक्ससमध्ये, ह्यूस्टनच्या दक्षिणेला किनाऱ्याजवळच्या एका प्लँटमध्ये आहे, त्याच कंपनीच्या. एल-१बी वर. लोटे, महाड, रोहा, तारापूर अशा ठिकाणच्या बऱ्याच मुलांना हा व्हिसा असतो हेच माहीत नसतं, मलाही नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

झालं असं की शेतीच्या औषधात लागणारं एक इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या टप्प्याचं केमिकल, आमच्या लोट्याच्या प्लँटमध्ये वर्षानुवर्षं बनतंय. कंपनीने ठरवलं की हेच प्रॉडक्ट अमेरिकेतल्या प्लँटमध्ये पण सुरू करायचं. तिकडे रिऍक्टर आमच्यापेक्षा भारी, डीसीएस (प्लँट चालवणारी कॉम्प्युटर सिस्टिम) नवीन, माणसं हुशार, पण बॅच काही बसेना. क्वालिटी कधी यायची कधी नाही. आमचे प्रॉडक्शनचे साहेब रात्री रात्री व्हिडिओ कॉलवर बसायचे आणि मधेच मला बोलवून घ्यायचे, "हे जरा तू सांग रे यांना." एक दिवस एचआरचा मेल आला की दोन-तीन वर्षांसाठी तिकडे जायची तयारी आहे का.

आता व्हिसा कुठला. बायकोच्या मावसभावाने लगेच सांगितलं की एच-१बी डिग्रीशिवाय मिळत नाही, विसर. त्याचं अगदीच चूक नव्हतं. एच-१बीला बॅचलर डिग्री किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी लागतं, कॉलेजचं जे प्रत्येक वर्ष कमी पडतं त्यापोटी तीन वर्षांचा अनुभव धरायची सोय आहे पण ते सगळं तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं, आणि एवढं करून परत लॉटरी, कारण वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढेच. कंपनीचे वकील त्या वाटेला गेलेच नाहीत.

एल-१ हा १९७० पासूनचा प्रकार आहे, खास एकाच कंपनीच्या दोन देशांतल्या शाखांमध्ये माणसं हलवण्यासाठी. याला वार्षिक कोटा नाही, लॉटरी नाही. अट अशी की गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तुम्ही अमेरिकेबाहेर त्याच कंपनीत, किंवा तिच्या पालक, उपकंपनी, संलग्न कंपनीत नोकरी केलेली पाहिजे. त्यातले एल-१ए म्हणजे मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह लोकांसाठी, जास्तीत जास्त सात वर्षं. एल-१बी म्हणजे ज्यांच्याकडे कंपनीच्या कामाचं स्पेशलाइज्ड नॉलेज आहे त्यांच्यासाठी, जास्तीत जास्त पाच वर्षं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत मिळतो, मग वाढवून घ्यायचा.

मला वाटलं माझ्या हाताखाली एवढे ऑपरेटर, हेल्पर, म्हणजे मी मॅनेजरच की. तर नाही. हाताखालची माणसं स्वतः प्रोफेशनल म्हणजे डिग्रीवाल्या पदांवरची नसतील तर तुम्ही त्यांच्या हिशोबाने फर्स्ट-लाइन सुपरवायझर, आणि तसला सुपरवायझर एल-१ए मध्ये बसत नाही. मग राहिला एल-१बी.

त्यातही दोन रस्ते. मोठ्या कंपन्यांकडे ब्लँकेट पिटिशन असतं, म्हणजे कंपनीला एकदाच सरसकट मंजुरी, आणि मग प्रत्येक माणसाचा फैसला थेट कॉन्सुलेटच्या खिडकीवर. आमच्या ग्रुपकडे ते होतं. पण ब्लँकेटवर जाणारा एल-१बी वाला प्रोफेशनल असावा लागतो आणि तिथे परत डिग्री आडवी येते. दुसरा रस्ता म्हणजे एकट्याच्या नावाने स्वतंत्र पिटिशन, आय-१२९ फॉर्म, तो अमेरिकेतल्या कंपनीने तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे म्हणजे यूएससीआयएसकडे भरायचा. त्यात डिग्रीची सक्तीच नाही. तुम्हाला काय येतं आणि ते कंपनीला का लागतं एवढं सिद्ध करायचं. डिप्लोमावाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. मला तर वकीलबाईंना परत परत विचारावंसं वाटत होतं की नक्की ना.

अर्थात "एवढं सिद्ध करायचं" यातच सगळा जीव जातो.

वकीलबाई तिकडच्या, कॉल आमच्या रात्री. त्यांच्या ऑफिसने आधी एक मसुदा पाठवला होता सपोर्ट लेटरचा, म्हणजे हाच माणूस का हवा ते सांगणाऱ्या कंपनीच्या पत्राचा, तो वाचून मला हसावं का रडावं कळेना. त्यात मी "असाधारण कौशल्य असलेला", "या क्षेत्रातला निष्णात" वगैरे, लग्नाच्या बायोडेटात पण कोणी एवढं लिहीत नाही. साहेबांनी वाचून सांगितलं की हे कुठल्याही माणसाबद्दल चालेल, यात आपला प्लँट कुठाय? वकीलबाईंना ते पटलं. त्या म्हणाल्या, विशेषणं काढते, तुम्ही मला एक बॅच सुरुवातीपासून सांगा, मी कॉलेजची मुलगी आहे असं समजून.

मग मी सांगायला बसलो. रिऍक्शन झाली, सॉल्व्हंट काढलं, आता क्रिस्टलायझेशन. गरम सोल्यूशन हळूहळू थंड करायचं आणि मधे एका ठराविक वेळी सीड टाकायचं, म्हणजे आधीच्या चांगल्या बॅचचे थोडे क्रिस्टल. सीड लवकर टाकलं तर ते विरघळून जातं, उशीर झाला तर सगळं एकदम कोसळतं आणि मैद्यासारखी बारीक पावडर पडते, मग ती सेंट्रीफ्यूजच्या, म्हणजे फिरवून गाळणाऱ्या मशीनच्या, कापडात बसते, कापड चोक, फिल्ट्रेशन तासन् तास, आतलं सॉल्व्हंट निघत नाही, बॅच फेल. त्यांनी विचारलं, मग हे एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिलेलं नाही का? म्हटलं लिहिलंय की, टेंपरेचरची रेंज दिलीय. पण त्या रेंजमध्ये नेमकं कधी, ते त्या दिवशीच्या सोल्यूशनवर असतं. आम्ही साइट ग्लासमधून, म्हणजे रिऍक्टरच्या काचेच्या खिडकीतून, टॉर्च मारून बघतो. सोल्यूशन आरपार स्वच्छ दिसत असतं, मग एका क्षणी टॉर्चचा झोत कडेने जरासा पसरल्यासारखा वाटतो, गढूळ अजून झालेलं नसतं, पण पूर्वीसारखं कोरं पण नसतं. त्याच्या आधी थोडंसं, तेव्हा सीड. किती आधी, ते रॅम्प, म्हणजे थंड करायचा वेग, किती ठेवलाय आणि आदल्या स्टेजला पाणी किती राहिलंय त्यावर.

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज.

मग त्यांनी विचारलं की तुमच्या प्लँटला हे एवढं का शिकावं लागलं, दुसऱ्या कुठल्या साइटला का नाही? याचं उत्तर म्हणजे आपला पाऊस. हे प्रॉडक्ट हवेतलं पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर लोट्यात हवा म्हणजे ओलं फडकं, ड्रायरला जी हवा आत जाते तीच दमट, त्यात क्रिस्टल बारीक पडलेले असतील तर वाळतच नाहीत, ड्रममध्ये भरल्यावर ढेकळं होतात. सुरुवातीची वर्षं पावसाळ्यात आमचं हे प्रॉडक्ट जवळपास बंदच ठेवायचे म्हणे. नंतर ड्रायरच्या हवेचा ड्यू पॉइंट (हवेत ओल किती ते), क्रिस्टलचा साइज आणि सेंट्रीफ्यूजचा स्पिन टाइम हे तिन्ही एकमेकांशी जुळवून पावसाळ्याची वेगळी सेटिंग बसवली, त्यात मी होतो, बदलाच्या फॉर्मवर सही माझी आहे. आणि टेक्ससचा तो प्लँट गल्फच्या किनाऱ्यावर, तिथे वर्षातला बराच काळ हवा दमट. ग्रुपच्या ज्या साइटवर हे मुळात डेव्हलप झालं तिथली हवा कोरडी, त्यामुळे त्यांना हा त्रास माहीतच नव्हता.

वकीलबाई म्हणाल्या, "ही आपली केस."

नंतर त्यांनीच समजावलं की कायद्यात स्पेशलाइज्ड नॉलेज दोन प्रकारे बघतात. एक म्हणजे कंपनीचं प्रॉडक्ट, उपकरणं, तंत्र वगैरेंचं खास ज्ञान, इंडस्ट्रीत इतरांकडे सहसा नसणारं. दुसरं म्हणजे कंपनीच्या आतल्या प्रोसेसचं इतरांपेक्षा बरंच पुढचं ज्ञान. यूएससीआयएसने १७ ऑगस्ट २०१५ च्या एका मेमोत हे फोड करून सांगितलंय, आणि त्यात असंही आहे की ते ज्ञान जगात फक्त तुमच्याकडेच असलं पाहिजे किंवा पेटंटवालंच पाहिजे असं काही नाही. तरी एल-१बी मध्ये शंका काढायचं प्रमाण भरपूर, कारण "स्पेशल" कशाला म्हणायचं हे शेवटी बघणाऱ्यावर.

पिटिशन भरलं. खर्च कंपनीचा, पण माहितीसाठी सांगतो, एप्रिल २०२४ पासूनच्या दराने एल साठीच्या आय-१२९ ची मोठ्या कंपनीला फी १,३८५ डॉलर, वर असायलम प्रोग्राम फी म्हणून ६००, फ्रॉड प्रिव्हेन्शनची ५००, आणि लवकर निकाल पाहिजे तर प्रीमियम प्रोसेसिंगचे तेव्हा २,८०५. प्रीमियममध्ये १५ कामाच्या दिवसांत काहीतरी उत्तर द्यायचं बंधन आहे. काहीतरी म्हणजे मंजूरच असं नाही हां. आम्हाला आलं ते आरएफई, म्हणजे आणखी पुरावे द्या.

आरएफई आलं म्हणून घाबरून जाऊ नका, पण वाचताना पोटात गोळा येतो हे खरं. पानंच्या पानं, त्यातला अर्धा मजकूर ठोकळेबाज, पण मधे तीन-चार प्रश्न एकदम वर्मावर. तुमच्या कंपनीत हे ज्ञान आणखी किती जणांकडे आहे? अमेरिकेतल्या माणसाला ट्रेनिंग देऊन हे काम करता येणार नाही का, आणि किती काळ लागेल? हा माणूस फक्त एक कुशल ऑपरेटर आहे, त्यात स्पेशल काय? शेवटचा प्रश्न वाचून राग आला थोडा. फक्त कुशल ऑपरेटर म्हणे. या, एकदा नाईटला या लोट्याला.

उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे देतात, आम्हाला तेवढे लागले नाहीत कारण लोट्याच्या रेकॉर्ड रूममधला माणूस देवमाणूस. त्याने जुन्या बॅच शीट काढून दिल्या, पावसाळ्याची सेटिंग बसवायच्या आधीच्या आणि नंतरच्या, समोरासमोर ठेवल्या की आकडेच बोलतात. गोपनीय भाग काळे करून पाठवले. ट्रेनिंग रजिस्टर लावलं, नवीन ऑपरेटरला सीडिंगवर एकटं सोडेपर्यंत किती काळ जातो ते त्यातून दिसतं. बदलाचे फॉर्म सह्यांसकट. टेक्ससच्या प्लँट मॅनेजरचं पत्र, त्यात त्याने आमचा माणूस कमी आहे असं मोघम न लिहिता कुठल्या ट्रायलमध्ये काय बिघडलं आणि व्हिडिओ कॉलवर काय सांगितल्यावर सुधारलं ते लिहिलं. तसल्या माणसाचे पाय धरावेत. माझ्या मते केस त्या पत्राने आणि बॅच शीटने जिंकली. विशेषणांनी नाही. कोणाला एल-१बी साठी लेटर लिहून द्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिकडचा ऑफिसर केमिकल इंजिनिअर नसतो, त्याला डोळ्यांसमोर काम दिसलं पाहिजे, आणि ते तुम्हालाच का येतं हे कागदावर दिसलं पाहिजे.

एक छोटी गोष्ट, केमिकलवाल्यांसाठी. आय-१२९ मध्ये कंपनीला हेही लिहून द्यावं लागतं की या माणसाला जी टेक्नॉलॉजी दाखवणार त्याला अमेरिकेचं एक्सपोर्ट लायसन्स लागतं की नाही. त्यासाठी कंपनीच्या दुसऱ्याच डिपार्टमेंटने माझी चौकशी केली, त्याला पण वेळ गेला.

लोट्यात माझी पहिली काही वर्षं ठेकेदाराकडे गेली, मग कंपनीच्या रोलवर घेतलं. आमच्याकडे हे कॉमन आहे. त्या सलग एक वर्षाच्या अटीसाठी वकिलांनी फक्त रोलवरचा काळ धरला, त्याच्या पगार स्लिपा, फॉर्म १६, अपॉइंटमेंट लेटर. माझा तो काळ एका वर्षाच्या कितीतरी पुढे होता म्हणून प्रश्न आला नाही, पण नुकतेच रोलवर आलेले असाल तर आधी तारखा बघा.

मंजुरीची नोटीस आली, आय-७९७. घरी पेढे. खरं तर अजून व्हिसा कुठे होता, ती फक्त पिटिशनची मंजुरी, पण आईला कोण सांगणार.

आता कागदपत्रं. चिपळूणचे लोक समजून जातील. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमची लोखंडी ट्रंक खालच्या खोलीत होती. आम्ही माणसं वर, ट्रंक पाण्यात. डिप्लोमाची मार्कशीटं, आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीच्या लसीकरणाचं पुस्तक, सगळ्याचा लगदा. डिप्लोमाची सक्ती नसली तरी लेटरमध्ये शिक्षण लिहिलंय म्हटल्यावर कागद हवाच, तर तंत्रशिक्षण मंडळाकडून डुप्लिकेट काढली, त्याला पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र, अर्ज असं सगळं. लग्नाच्या सर्टिफिकेटची नवी प्रत रजिस्टरवरून मिळाली. ते बायकोसाठी महत्त्वाचं, कारण तिचा आणि मुलीचा एल-२, म्हणजे एल-१ वाल्याच्या बायकामुलांचा व्हिसा, हा माझ्या नात्यावर मिळतो, तेव्हा नातं कागदावर सिद्ध पाहिजे.

तिथे एक घोळ होता तो नावाचा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात, रेशन कार्डावर पण तेच. पासपोर्ट आणि लग्नाचं सर्टिफिकेट मात्र माहेरच्या नावाचं. सासूबाई म्हणजे माझी आई म्हणत होती की आता बदलूनच घे एकदाचं सगळीकडे. मी म्हटलं आता काहीही बदलायचं नाही! पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, आणि डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये "दुसरी कुठली नावं वापरली का" असा प्रश्न असतो तिथे तांदळातलं नाव टाकलं. कोणी काही विचारलं नाही.

डीएस-१६० बद्दल फार लिहीत नाही, लांबलचक ऑनलाइन फॉर्म आहे, प्रत्येकाचा वेगळा, अगदी लहान मुलीचा पण. मधे मधे सेव्ह करा आणि सुरुवातीला जो ॲप्लिकेशन नंबर येतो तो कागदावर लिहून ठेवा कारण आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की लाईट जाणारच. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात, खरी द्या. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरा बॅकग्राउंड, चष्मा न लावता. व्हिसा फी माणशी २०५ डॉलर.

मग अपॉइंटमेंट. आधी बायोमेट्रिक्स, मग कॉन्सुलेटला इंटरव्ह्यू, दोन्ही मुंबईत. निघायच्या आदल्या दिवशी काका गावाहून आले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत सातबारा. आमच्या सामायिक कलमांच्या बागेचा, आठ-अ सकट, तलाठ्याकडून नवीन काढून आणलेला.

"हे दाखव त्यांना. म्हणावं माझी एवढी हापूसची कलमं आहेत, मी कशाला राहतोय तुमच्याकडे."

"काका, याला ते लागत नाही हो."

"अरे आपल्या शेजारचा टुरिस्टवर गेला त्याला विचारलं होतं! घरदार आहे का, परत येणार का!"

काकांचं टुरिस्टबद्दल बरोबरच होतं. टुरिस्ट किंवा विद्यार्थी व्हिसाला ऑफिसर आधी असंच धरून चालतो की हा माणूस तिकडेच राहायला निघालाय, आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं. पण एल आणि एच-१बी ला कायद्यानेच त्या गृहीतकातून वगळलंय. म्हणजे पुढे ग्रीन कार्डचा विचार असला तरी एल मिळू शकतो, त्यावरून नाकारत नाहीत. काकांना हे पटलं नाही. शेवटी सातबारा फाइलच्या तळाशी ठेवला, त्यांचं समाधान.

तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरलो. हायवेने जायचं डोक्यात पण आणलं नाही, इंटरव्ह्यूच्या दिवशी मुंबई-गोवा हायवेवर भरवसा ठेवणारा माणूस मी नाही. कॉन्सुलेट बीकेसीत आहे, २०११ पर्यंत ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होतं, आमच्या कंपनीतले जुने साहेब अजून तिकडच्याच रांगेच्या गोष्टी सांगतात. फोन, बॅग काही आत नेता येत नाही, फक्त कागद. मुलीला भूक लागली, तिची बिस्किटं बाहेरच राहिलेली, तिने रांगेत जो सूर लावला त्यामुळे मला टेन्शन घ्यायला वेळच मिळाला नाही.

खिडकीवर एक तरुण बाई. कंपनी काय बनवते, तुम्ही काय करता, किती वर्षं, तिकडे कोणाला रिपोर्ट करणार, पगार किती. मग तिने सरळ विचारलं की तिकडच्या प्लँटमध्ये पण इंजिनिअर आहेत, तुम्हीच का? माझं इंग्लिश कामापुरतं. घरी पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि मी तेच सांगितलं जे वकीलबाईंना सांगितलं होतं, टॉर्च, सीड, पावसाळ्यात न वाळणारी पावडर, तिकडची दमट हवा. तीन-चार वाक्यं असतील. तिने विचारलं, टॉर्च? खरा टॉर्च? मी हो म्हटलं. ती हसली, काहीतरी टाइप केलं, बायकोला विचारलं लग्न कधी झालं, आणि पासपोर्ट ठेवून घेतले, म्हणजे झालं. सातबारा फाइलमध्येच. शेजारच्या खिडकीवरच्या मुलाला मात्र २२१(जी) ची चिठ्ठी दिली, म्हणजे कायमचा नकार नाही पण आणखी कागद किंवा तपास बाकी, तो बिचारा बाहेर येऊन बराच वेळ कट्ट्यावर बसला होता. आयटीवाला, क्लायंटच्या ऑफिसमध्ये बसून काम करणार होता म्हणे. २००४ च्या कायद्याने एल-१बी वाल्याला दुसऱ्याच कंपनीच्या जागेवर, त्यांच्या देखरेखीखाली नुसतं मनुष्यबळ म्हणून बसवता येत नाही, त्यामुळे तसल्या केसेस जास्त तपासतात. आमच्यासारख्या प्लँटवाल्यांचा तो प्रश्न नाही, आमची जागा स्वतःच्या कंपनीची.

ह्यूस्टनला उतरल्यावर एक काम लगेच करा, आय-९४, म्हणजे देशात शिरल्याची आणि किती दिवस राहता येईल त्याची नोंद, ऑनलाइन काढून बघा. व्हिसाच्या स्टिकरवरची तारीख आणि राहायची परवानगी ज्या तारखेपर्यंत असते ती तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. राहणं चालतं ते आय-९४ वर. पासपोर्ट लवकर संपत असेल तर आय-९४ पण तेवढाच छोटा करून देऊ शकतात, म्हणून निघायच्या आधी पासपोर्ट रिन्यू केलेला बरा. आणि बायकोच्या आय-९४ वर एल-२एस असं आहे का बघायचं. नोव्हेंबर २०२१ मधल्या कोर्टातल्या तडजोडीनंतर एल-२ वर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला वेगळं वर्क परमिट न काढता नोकरी करता येते, आणि ३० जानेवारी २०२२ पासून आय-९४ वर तो एस लावायला लागले. नुसतं एल-२ छापलं असेल तर नोकरी देणारा कटकट करतो, मग दुरुस्त करून घ्यायला जावं लागतं. बायको भारतात शाळेत गणित शिकवायची, इथे आता एका ट्यूशन सेंटरमध्ये शिकवते. एच-१बी च्या डिपेंडंटना ही सोय अशी सरळ नाही, त्यामुळे आमच्यासाठी हा मोठाच फायदा.

मुलीच्या शाळेला लसीकरणाचे कागद लागले. आपल्या सरकारी केंद्रात ज्या लसी मिळतात त्यात कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए नाही, टेक्ससच्या शाळेला त्या दोन्ही पाहिजेत. चिपळूणलाच खाजगी डॉक्टरांकडे देऊन, जुन्या लसींची नोंद आरोग्य केंद्राच्या रजिस्टरवरून परत लिहून घेतली होती म्हणून वाचलो.

आता पैशाचं, कारण हे कोणी सांगत नाही. एच-१बी ला कंपनीला त्या भागातला ठराविक किमान पगार द्यायचं बंधन असतं, तसं एल-१ ला नाही. म्हणजे तुमचा पगार तुम्हीच नीट बोलून घ्यायचा. डॉलरला रुपयाने गुणून खूश होऊ नका, घरभाडं, गाडी, गाडीचा विमा, हेल्थ इन्शुरन्सचा तुमचा हिस्सा असं मांडा आणि मग बोला. त्यात पगारातून सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शनचे ६.२ टक्के आणि मेडिकेअर म्हणजे म्हातारपणीच्या आरोग्य विम्याचे १.४५ टक्के कापले जातात. त्या पेन्शनला पात्र व्हायला साधारण दहा वर्षांचं योगदान लागतं, एल-१बी जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि भारत-अमेरिकेत याबाबत करार नाही. सरळ हिशोब, परत आलात तर ते पैसे गेले. मला हे सरळ सरळ अन्यायाचं वाटतं, पण दर महिन्याला कापलं जातंच.

आणि दुसरं म्हणजे हा व्हिसा कंपनीचा. माझा नाही. दुसऱ्या कंपनीने दुप्पट पगार देऊ केला तरी एल-१ वर उडी मारता येत नाही, त्यासाठी परत एच-१बी, परत लॉटरी. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस, तेही आय-९४ ची तारीख त्याआधी संपत नसेल तर. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बी च्या नवीन पिटिशनवर एक लाख डॉलरचा आदेश निघाला त्या रात्री चिपळूणहून फोनवर फोन, आता तुम्हाला परत पाठवणार का म्हणून. त्यात एल-१ नव्हता. काकांना तेवढं सांगितलं, तर म्हणाले सातबारा जपून ठेवलायस ना.

पुढचं आता एक्स्टेन्शन, तीन वर्षांनंतर दोन वर्षं मिळतात, कंपनी परत आय-१२९ भरेल आणि कदाचित परत तेच प्रश्न येतील, म्हणून इथल्या बॅचच्या नोंदी पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवतोय. शिवाय पाच वर्षांच्या मोजणीत अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस धरत नाहीत, पुरावा दिला की ते मागून परत जोडून घेता येतात. म्हणजे गणपतीला गावी आलो तर ते दिवस व्हिसातून खर्च होत नाहीत. यासाठी बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, आय-९४ ची ये-जा हे सगळं स्कॅन करून ठेवायचं, कंपनी ठेवेल म्हणून बसायचं नाही. गेल्या गणपतीचं माझं ठेवलेलं आहे, यंदाचं तिकीट अजून काढायचंय, मुंबईपर्यंतचं मिळेल, खाली चिपळूणपर्यंतच्या गाड्या आत्तापासूनच वेटिंगवर.